तब्येत बघू नका, घड्याळ लावा: वृद्धांची फ्रेल्टी (जर्जरता) मोजायला शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात माणूस डोळ्यांनी जोखायची सवय आहे. मान केवढी, दंड केवढा, कान मोडलेत का. तालमींच्या गावात दुसरं काय होणार! मी फिजिओथेरपिस्ट. पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत महिन्यातले दोन शनिवार मी टेप आणि स्टॉपवॉच घेऊन बसते. मदतीला येणारी नवी मुलं पहिल्या दिवशी हमखास एकच चूक करतात. माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांनी मनात निकाल लावलेला असतो.

एक प्रसंग सांगते. त्र्याहत्तर वर्षांचे एक जुने पैलवान आले. मोडलेले कान, भरदार छाती, आवाज खणखणीत. मदतनीस मुलीनं कागदावर लिहूनही टाकलं, ‘ठणठणीत’. त्यांच्यामागून ऐंशीला टेकलेल्या एक आजी आल्या. काठीसारख्या बारीक, वजन बेचाळीस किलो, आयुष्यभर मंडईत भाजी विकलेली. त्यांच्या कागदावर ‘अशक्त?’ असं प्रश्नचिन्हासकट. मग दोघांना चार मीटर चालायला लावलं. आजींना ३.७ सेकंद लागले. पैलवानांना ६.४. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर रेटले आणि तरी पहिल्या खेपेला परत बसले. वर्षभरात त्यांचं वजन सहा किलोनं उतरलं होतं. पण मूळची चण एवढी थोराड, की घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

हा लेख त्या मदतनीस मुलीसारख्यांसाठी आहे: नव्यानं रुजू झालेले फिजिओ, नर्सिंगचे विद्यार्थी, संघातले उत्साही कार्यकर्ते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटणारं कुणीही.

आधी शब्दाचा घोळ

फ्रेल्टीला पुस्तकी मराठीत जर्जरता म्हणतात, कुणी दुर्बलता म्हणतं. घरात यातलं काहीच कुणी म्हणत नाही. ‘आबा उतरलेत’, ‘म्हातारी खंगली’, ‘गेल्या दिवाळीपासनं पार ढासळले बघा’ असं म्हणतात. मला हे घरचे शब्द जास्त नेमके वाटतात, कारण त्यांत काळ आहे. आधी होते तसे आता नाहीत, हे त्यांत आपोआप येतं.

फ्रेल्टी म्हणजे आजार नव्हे आणि अपंगत्वही नव्हे. लहानपणी पोलिओ झालेला, कुबडी घेऊन सत्तर वर्षं झपाझप चालणारा माणूस फ्रेल असेलच असं नाही. शुगर आणि बीपी दोन्ही असून मजेत राहणारे पुष्कळ असतात. फ्रेल्टीत शरीराची शिल्लक संपत आलेली असते. एरवी सगळं चाललेलं दिसतं, पण साधा ताप, दोन दिवसांचे जुलाब किंवा एखादी नवी गोळी, एवढ्यानं माणूस अंथरुणाला खिळतो आणि पुन्हा पूर्वीच्या जागी येत नाही.

कोल्हापूरकराला हे पंचगंगेवरून लगेच समजतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी २० फुटांवर असताना रात्रभर पाऊस झाला तर कुणी फारसं विचारत नाही. तोच पाऊस ३८ फुटांवर झाला की नदीकाठच्या सुतारवाड्यात सामान माळ्यावर चढायला लागतं. पाऊस तेवढाच, पण नदी आधीच कुठवर आली होती यावर सगळं ठरतं. आपल्याला ती पातळी वाचायची आहे. आणि जुलैत आपण जसं आकड्याबरोबर ‘वाढतंय का उतरतंय’ हेही विचारतो, तसंच इथंही विचारायचं असतं.

मोजण्याच्या पद्धती कुणाच्या

फार खोलात न जाता तीन नावं लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, कमजोर मूठ, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर, एकही नसेल तर धडधाकट. त्याच सुमारास कॅनडात केनेथ रॉकवूड आणि आर्नोल्ड मिटनित्स्की यांनी वेगळा हिशेब मांडला. माणसात काय काय बिघडलंय त्याची लांबलचक यादी करायची (किमान तीस-चाळीस बाबी) आणि किती लागू पडतात त्याचा भागाकार करायचा. चाळीसपैकी दहा लागू पडल्या तर ०.२५, आणि साधारण तिथून पुढं फ्रेल धरतात. रॉकवूड यांच्याच गटानं २००५ मध्ये नुसत्या वर्णनावरून ठरवायची क्लिनिकल फ्रेल्टी स्केलही दिली. तिच्याकडे शेवटी येऊ.

नवशिक्यानं यादीवाल्या हिशेबाच्या वाटेला लगेच जाऊ नये. पाच प्रश्न, चार मीटर आणि एक खुर्ची एवढ्यावर सुरुवात करा. हात बसला की बाकीचं शिकता येतं.

सामान आणि जागा

शिंप्याची टेप, पाच मीटरची लोखंडी टेप, खडू किंवा रंगीत चिकटपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, वजनकाटा आणि खुर्ची. मूठ मोजायचा डायनामोमीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

खुर्ची बिनहाताची, बिनचाकाची, घट्ट, बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर. पाठ भिंतीला टेकवून ठेवा. हॉलच्या कोपऱ्यात रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत. त्या उठताना वाकतात, गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, आणि मग पडलेल्या आजोबांना आपण काय तोंड दाखवणार?

चार मीटरची जागा टेपनंच मोजा. हे मी ठासून सांगते, कारण माझंच नाक कापलं गेलंय. पहिल्या वर्षी एका शिबिरात टेप विसरले. फरश्या दिसायला दोन-दोन फुटांच्या, म्हणून सात फरश्या मोजल्या आणि चार मीटर धरले. फरशी साठ सेंटिमीटरची होती, म्हणजे सात फरश्यांचे झाले ४.२ मीटर. सेकंदाला बरोबर ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला तेवढ्याला सव्वापाच सेकंद लागतात, आणि मी चारनं भागून त्याला ०.७६ दिले. सकाळभरात किती धडधाकट माणसांना मी ‘मंद’ ठरवलं ते संध्याकाळी कळलं. सगळ्यांना फोन करून परत बोलावलं. निम्मे आले नाहीत.

टेपनं चार मीटरच्या दोन रेघा मारा. त्याशिवाय आधी एक मीटर आणि नंतर एक मीटर मोकळी जागा सोडा, म्हणजे पहिल्या रेघेपर्यंत माणूस वेग धरतो आणि शेवटच्या रेघेपाशी थबकत नाही. फरशी कोरडी हवी. पावसाळ्यात दारातलं पायपुसणं वाटेत येऊ देऊ नका. वाड्यातलं अंगण उतरतं असतं, तिथं मोजू नका.

कुणाला मोजायचं नाही

गेल्या काही दिवसांत छातीत दुखलं असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, ताज्या फ्रॅक्चरवर पट्टी असेल, ताप असेल, तर चाचणी राहू द्या. नुकतंच मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेल्यांना मूठ आवळायला लावू नका. आणि उपाशीपोटी कुणालाच नको. मंगळवारी, शुक्रवारी, संकष्टीला, नवरात्रात ‘आज काय खाल्लंय?’ हा पहिला प्रश्न. उपवासाची साबुदाण्याची वाटी सकाळी सातला खाऊन अकराला चालायला आलेल्या आजींचा आकडा त्यांचा नसतो, उपवासाचा असतो.

आधी गप्पा, मग टेप

आल्या आल्या कुणाला उभं करू नका. बसवा, पाणी द्या, गाव कुठलं विचारा. त्या गप्पांतच पाच प्रश्न घालायचे. जगभर ही छोटी प्रश्नावली वापरतात. प्रत्येक ‘अडचण आहे’ला एक गुण, तीन किंवा जास्त झाले तर फ्रेल, एक-दोन झाले तर उंबरठ्यावर.

पहिला थकव्याचा. गेल्या महिन्यात बहुतेक वेळ दमल्यासारखं वाटलं का? इथं बायका हटकून ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतात. मग आडून विचारायचं: दुपारी किती वेळ आडवं व्हावं लागतं? भाकऱ्या थापून झाल्या की लगेच उठता, का टेकता? आठवड्यातले तीन-चार दिवस ‘उठूच नये’ असं वाटतं का?

दुसरा जिन्याचा. दहा पायऱ्या, कठड्याला न धरता, मध्ये न थांबता चढता येतात का? ‘आमच्यात जिनाच नाही’ असं उत्तर आलं तर शेवटचा जिना कधी चढलात ते विचारा. पूर्वी जोतिबाला पायऱ्या चढून जाणारे आता गाडी वरपर्यंत नेतात आणि कारण ‘वेळ नसतो’ असं सांगतात. म्हाताऱ्या माणसाला वेळ नसतो हे उत्तर जरा उकरून बघायचं.

तिसरा चालण्याचा, काहीशे मीटर, कुणाचा आधार न घेता. ‘चारशे मीटर’ म्हटलं तर कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘बिंदू चौकातनं अंबाबाईच्या देवळापर्यंत एका दमात जाता का?’ म्हटलं की उत्तर खरं येतं.

चौथा आजारांचा. अकरा आजारांची यादी आहे: उच्च रक्तदाब, मधुमेह, कॅन्सर (त्वचेचा किरकोळ सोडून), फुप्फुसाचा जुनाट आजार, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, अंजायना, दमा, संधिवात, पक्षाघात, किडनीचा आजार. पाच किंवा जास्त असतील तरच गुण. लोकांना आजाराची नावं माहीत नसतात, गोळ्या माहीत असतात. औषधांची पिशवी घेऊन यायला आदल्या दिवशी सांगा. ती पिशवी पुढंही लागणार आहे.

पाचवा वजनाचा. वर्षभरात, मुद्दाम न करता, पाच टक्के किंवा जास्त उतरलं का? साठ किलोच्या माणसाचे तीन किलो म्हणजे पाच टक्के. मागचं वजन कुणाला ठाऊक नसतं, तिथं कपडे आणि दागिने साक्ष देतात. बांगडी कोपराकडे सरकते का? अंगठीला दोरा गुंडाळलाय का? पट्ट्याला नवं भोक पाडलंय? कवळी सैल झाली? एका आजींनी मला पाटली दाखवली. सोनारानं दोनदा लहान करून दिली होती. नातसून शेजारीच होती. ती म्हणाली, ‘आम्हाला वाटलं फॅशन म्हणून.’

उत्तरं दोघांकडून घ्या, वेगवेगळी. सूनबाई समोर असेल तर सासूबाई म्हणतात ‘सगळं मीच करते’, आणि सासूबाई समोर नसतील तर सूनबाई म्हणते ‘त्या काहीच करत नाहीत’. खरं कुठंतरी मध्ये असतं. आणि अहो-जाहो सोडू नका. ‘आज्जी, चल बघू’ हे नातवानं म्हणायचं, आपण नव्हे.

चार मीटर

सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी हीच.

काय बोलायचं ते ठरवून ठेवा आणि प्रत्येकाला तेच बोला: ‘नेहमी घरात, गल्लीत चालता तसं चाला. बस पकडायची नाही, वरातीतही चालायचं नाही.’ एकदा स्वतः चालून दाखवा. पहिल्या रेघेपलीकडे पहिलं पाऊल पडलं की घड्याळ सुरू, शेवटच्या रेघेपलीकडे पाऊल पडलं की बंद. तुम्ही बाजूनं, अर्धं पाऊल मागं चाला. पुढं चाललात तर ते तुमचा वेग धरतात. बोलू नका, कारण बोललात तर ते उत्तर द्यायला थांबतात. पुष्कळ वृद्धांना चालणं आणि बोलणं एका वेळी जमत नाही. ते दिसलं तर वेगळं लिहून ठेवा.

दोनदा घ्या, चांगला आकडा धरा. चार भागिले सेकंद म्हणजे वेग. चार सेकंदांत गेले तर सेकंदाला १ मीटर, पाच सेकंदांत ०.८, आठ सेकंदांत अर्धा मीटर. ०.८ किंवा त्याखालची चाल काळजीची, हे युरोपातल्या तज्ज्ञांचं माप. आशियातल्या तज्ज्ञ गटानं २०१९ मध्ये आपल्याकडच्यांसाठी ओळ १ मीटरवर ओढली. हे दोन्ही आकडे मुळात स्नायूंच्या झिजेसाठी ठरवलेत, पण फ्रेल्टीच्या चाळणीला उपयोगी पडतात. मी दोन्ही ओळी कागदावर ठेवते: १ मीटरखाली इशारा, ०.८ खाली धोका.

काठी वापरत असतील तर काठीसकट चालवा आणि ‘काठी’ असं लिहा. पायताणाचंही तेच. आपल्याकडे हा मोठा प्रश्न आहे, कारण अस्सल कोल्हापुरी चप्पल जड असते, तळ कडक, टाच मोकळी. ती घालून चाळीस वर्षं चाललेला माणूस अनवाणी चालवला तर कधी जलद जातो, कधी अडखळतो. रोज जे पायात असतं तेच ठेवा, कागदावर लिहा, आणि पुढच्या खेपेलाही तेच असू द्या. नवी करकर वाजणारी जोडी घालून मिरवायला आलेल्यांना मात्र घरची जुनी आणायला सांगते.

खुर्ची

हात छातीवर घडी, पाय जमिनीला टेकलेले. आधी एकदाच उठून दाखवायला सांगा. तेवढंही हात न टेकता जमलं नाही तर तिथंच थांबायचं आणि ‘जमलं नाही’ असं लिहायचं. तोही निकालच आहे, आणि मोठा. जमलं तर पाच वेळा, शक्य तितक्या भरभर. ‘चला’ म्हटलं की घड्याळ सुरू, पाचव्यांदा पूर्ण उभे राहिले की बंद. मोठ्यानं तुम्ही मोजा. त्यांच्यावर सोडलं तर चारला पाच म्हणतात.

आशियाई माप १२ सेकंदांचं आहे, युरोपीय १५ चं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांच्या प्राथमिक तपासणीत १४ सेकंद दिलेत. नवख्याला हे बघून वैताग येतो. येऊ द्या. साडेअकरा आणि साडेबारा यांत भांडण्यासारखं काही नाही. नऊ आणि एकोणीस यांतला फरक महत्त्वाचा, आणि मागच्या खेपेला नऊ होते ते आज चौदा झाले हे त्याहून महत्त्वाचं.

इथं गुडघे लबाडी करतात. गुडघेदुखीनं उठता येत नसेल तर ताकद कमी का दुखणं जास्त, हे नुसत्या सेकंदांवरून कळत नाही. ‘दुखल्यामुळे थांबलात का दमल्यामुळे?’ असं विचारून लिहून ठेवा. नऊवारीवाल्या आजी या चाचणीत सहसा सुटसुटीत असतात. गोल साडीत पाय अडकतो, निऱ्या जरा वर खोचायला सांगा. जन्मभर जमिनीवर बसून उठलेल्या बायकांना खुर्ची सोपी जाते, हा माझा अनुभव. अशांना मी जाता जाता विचारते, ‘जमिनीवर बसलात तर आता कशाला धरून उठता?’ त्याचा गुण नाही, पण उत्तरात बरंच काही असतं.

खुर्ची असतेच, तर आणखी एक चाचणी उरकता येते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मी इथं घड्याळापेक्षा वळण बघते. दोन पावलांत वळतात, का सहा-सात बारीक पावलं टाकत वळतात? वळताना तुमचा हात त्यांच्या कमरेजवळ तयार असू द्या.

मूठ

डायनामोमीटर असेल तर बसवून, कोपर काटकोनात अंगालगत, दोन्ही हातांनी दोन-तीनदा, सगळ्यांत जास्त आकडा धरायचा. आशियाई मापानं पुरुष २८ किलोखाली, बायका १८ किलोखाली म्हणजे कमजोर. बारीक चणीच्या पुष्कळ आजी १८ च्या खालीच निघतात आणि मजेत असतात. नुसत्या मुठीवरून शिक्का मारू नका.

एक ताकीद. हे यंत्र बाहेर काढलं की खोलीचं खासबागचं कुस्ती मैदान होतं. ‘हाण पैलवान!’ सुरू होतं, आजोबा श्वास कोंडून, डोळे वटारून आवळतात. रक्तदाब असलेल्याला हे बरं नाही, आणि ज्याच्यासाठी कुणी ओरडलं नाही त्याचा आकडा आपोआप कमी येतो. मूठ मोजताना दार लोटून घ्या.

वजन आणि पोटरी

वजन दर वेळी त्याच काट्यावर, चपला, मोबाइल आणि किल्ल्या काढून. पोटरी जिथं सगळ्यांत जाड तिथं टेप, न आवळता. पुरुष ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बायका ३३ पेक्षा कमी, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पायावर सूज असेल तर हा आकडा खोटा भरदार येतो. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते आधी बघा.

हॉस्पिटलातला माणूस

दवाखान्यात खाटेवर असलेल्याला चार मीटर चालवता येत नाही. तिथं रॉकवूड यांच्या गटाची वर्णनाची शिडी कामाला येते. सुरुवातीला ती सात पायऱ्यांची होती, आता नऊ आहेत. पहिल्या पायरीवर अगदी तंदुरुस्त, तिसरीपर्यंत आजार असले तरी आटोक्यात. चौथीला कुणावर अवलंबून नाही पण मंदावलेला. पाचवीला पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधं, जड कामं यांना मदत लागते. सहावीला घर चालवायला, बाहेर पडायला, बऱ्याचदा जिन्याला आणि आंघोळीलाही. सातवी-आठवीला सगळंच दुसऱ्यावर. नववी आयुष्याच्या अखेरीच्या आजारासाठी राखून ठेवली आहे.

नवे लोक इथं दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे आजचा, सलाइन लावलेला माणूस बघून पायरी ठरवतात. आजारी पडण्याच्या आधी, साधारण दोन आठवड्यांपूर्वी ते कसे होते, त्यावर पायरी ठरते. न्यूमोनियानं आडवा झालेला प्रत्येक जण सातवीवरचा दिसतो. आणि ही शिडी पासष्टच्या खालच्यांना लावायची नाही.

दुसरी घसरण आपल्या घरांची आहे. ‘स्वयंपाक करतात का?’ या प्रश्नाला आजोबांचं उत्तर नाही असंच येणार, कारण त्यांनी जन्मात चहा केला नाही. ‘बँकेचे व्यवहार?’ याला आजींचं नाही, कारण ते कायम आजोबांनीच बघितले. त्यावरून पायरी चढवली तर अर्ध्या कोल्हापूरला पाचवी मिळेल. विचारायचं असं: ‘आधी करत होता आणि आता सोडलं, असं काय काय आहे?’ गिरणीतून दळण आणणं, दूध घालायला डेअरीत जाणं, पेन्शनसाठी बँकेत जाणं, भिशीचा हिशेब, तालमीत सकाळी नुसतं जाऊन बसणं. सुटलेल्या गोष्टी मोजा. कधीच न केलेल्या मोजू नका.

आकडे हातात आले, आता?

‘तुम्ही फ्रेल आहात’ असं कुणाच्या तोंडावर म्हणू नका. मी आकडा सांगते आणि पुढचं काम सांगते. ‘आबा, चालायला सहा सेकंद लागले, पाचाच्या आत आणूया.’ पैलवानांना हे पटकन पटतं, सराव त्यांच्या रक्तात असतो.

उंबरठ्यावर असलेला माणूस परत मागे येऊ शकतो, म्हणून खरी मेहनत त्याच्यावर करायची. आधी दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधायची, आणि ते डॉक्टरांचं काम: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मनाची उदासी, दात, चष्मा, ऐकू येणं. ती औषधांची पिशवी इथं उघडायची. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच गोळी, झोपेची गोळी, बीपी फार खाली नेणारी गोळी, हे सगळं त्या पिशवीत सापडतं. काढायचं काय ते डॉक्टर ठरवतील, आपण फक्त पिशवी पुढं करायची. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, जाताना आकड्यांचा कागद सोबत द्यायचा. ज्येष्ठांसाठीची देशभरची मोफत हेल्पलाइन १४५६७ ही त्याच कागदाच्या तळाशी लिहून ठेवा.

खाण्याबद्दल एवढंच. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या आजींना पन्नास ते साठ ग्रॅम (किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आपल्याकडे ‘आमच्या घरात आठवड्याला मटण असतं’ हे अभिमानानं सांगतात. ताटात नीट बघितलं तर आजी पांढरा रस्सा वाटीनं पितात आणि पीस नातवाच्या ताटात सरकवतात. रश्श्यानं घसा शेकतो, पोटरी भरत नाही. पीस चावत नसेल तर खिमा, अंडं, दूध, दही, घट्ट आमटी, शेंगदाण्याचं कूट, जे चालेल ते दोन्ही वेळेला.

व्यायामात नुसतं रंकाळ्यावर फिरणं पुरत नाही, ताकदीचा व्यायाम हवा. सगळ्यांत सोपा म्हणजे तीच खुर्ची. सकाळी पाच, संध्याकाळी पाच उठबशा, सुरुवातीला हात टेकून, शेजारी कुणीतरी उभं राहून.

आकड्यांचा आणखी एक उपयोग २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्या लक्षात आला. नदीकाठच्या गल्लीत, चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत स्थलांतराची वेळ येते तेव्हा बोटीपर्यंत कोण स्वतः चालत येईल आणि कुणाला उचलून आणावं लागेल, हे आदल्या महिन्यातच कागदावर असलेलं बरं. खुर्चीतून हात न टेकता उठता न येणाऱ्यांची नावं मी मे अखेर संघाच्या वहीत वेगळ्या पानावर काढते. त्यांना पाणी चढायच्या आधी, उजेडी हलवायचं.

वहीत एका माणसाला एक पान द्या. नमुना म्हणून पैलवानांचंच पान देते:

‘पु., ७३. काठी नाही, जुनी कोल्हापुरी चप्पल. प्रश्न ३/५ (थकवा, जिना, वजन). ४ मी. – ६.४ से., ०.६३. खुर्ची – हात टेकून, पाच जमले नाहीत. मूठ उजवी ३१. पोटरी ३३, सूज नाही. वजन ७८, मागचं ८४. डॉक्टरांकडे पाठवले, औषधांची पिशवी दिली. पुढची तारीख तीन महिन्यांनी, सकाळी, हीच चप्पल.’

मूठ ३१, बघा. हातात हात दिला असता तर मीही फसले असते. तीन महिन्यांनी ते आले तेव्हा थायरॉइडची गोळी सुरू झाली होती, वजन उतरायचं थांबलं होतं, चार मीटरला ५.३ सेकंद लागले. अजून ०.८ च्या खालीच. पानावर तेवढंच लिहिलं, आणि खाली पुढची तारीख टाकली.